चित्र आणि सूर यांच्यामधले अंतर : जपानी ॲनिमेशनपटांच्या संगीताचा आढावा

जपानी ॲनिमेशनपटांच्या संगीताचा विषय निघाला की बहुतेक वेळा आवडत्या गाण्यांची यादी पुढे येते. ‘टोटोरो’मधले मुलांचे चालण्याचे गाणे, ‘स्पिरिटेड अवे’मधला पियानो, ‘अकिरा’मधले ढोल, ‘युअर नेम’मधली रॉक गाणी. या याद्या रास्तच आहेत, कारण ही गाणी आणि सुरावटी खरोखर मनात घर करतात. पण त्यांच्यामागे एक जुना वाद आहे आणि तो जपानी दिग्दर्शक-संगीतकारांनी मुख्यतः आपापल्या चित्रपटांतूनच घातला आहे. संगीताने चित्राच्या किती जवळ उभे राहावे? पात्राच्या मनात शिरून त्याच्या वतीने बोलावे, कथेतलीच एक घटना व्हावे, की लांब राहून वेगळेच काही सांगावे? या प्रश्नाची पार्श्वभूमी, त्यावरच्या मुख्य भूमिका आणि अजून न सुटलेले मुद्दे येथे क्रमाने मांडले आहेत. दूरचित्रवाणी मालिकांचे संगीत हा स्वतंत्र आणि अफाट विषय आहे, म्हणून तो संदर्भापुरताच घेतला आहे.

पार्श्वभूमी

1945च्या एप्रिलमध्ये, युद्ध हरण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या जपानमध्ये मित्सुयो सेओ यांचा ‘मोमोतारो : उमि नो शिन्पेइ’ प्रदर्शित झाला. पैसा नौदलाचा, हेतू उघड प्रचाराचा, संगीत युजी कोसेकी यांचे. त्यात एक प्रसंग आहे. बेटावरच्या प्राण्यांना जपानी मुळाक्षरे शिकवायची आहेत, पण वर्गात नुसता गोंधळ चालू आहे. मग मुळाक्षरांनाच चाल लावली जाते आणि सगळे प्राणी एका सुरात गाऊ लागतात. चाल अतिशय गोड आहे. तिच्यातून सांगितले जाते ते मात्र जिंकलेल्यांना आपली भाषा शिकवण्याचे तत्त्व. हा चित्रपट ओसाकात पाहणाऱ्या किशोरवयीन ओसामु तेझुकांवर त्याचा खोल ठसा उमटला, आणि पुढे त्यांनीच जपानी दूरचित्रवाणी ॲनिमेशनचा पाया घातला. गाणे कथेत काय घडवून आणू शकते, त्याची ताकद आणि त्याचा धोका, दोन्ही इथे एकाच प्रसंगात दिसतात.

युद्धानंतर तोएइ स्टुडिओने 1958 साली ‘हाकुजादेन’ हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट काढला. त्या काळात स्टुडिओ संगीतासाठी प्रतिष्ठित नावांकडे जात असे. 1963च्या ‘वान्पाकु ओजी नो ओरोची ताइजी’ला संगीत दिले आकिरा इफुकुबे यांनी. ‘गॉडझिला’ची ती जड पावलांची धून त्यांचीच. मुलांच्या चित्रपटासाठी म्हणून त्यांनी आपली शैली हलकी केली नाही. पुराणकथेतल्या आठ डोक्यांच्या सर्पाशी होणारे युद्ध ते वाद्यवृंदाच्या पूर्ण ताकदीने वाजवतात.

खरा टप्पा 1968चा. इसाओ ताकाहाता यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘होरुस’, संगीतकार मिचिओ मामिया. लोकसंगीताचा गाढा अभ्यास असलेल्या मामियांनी गावकऱ्यांच्या कामाला आणि लग्नाला गाणी दिली. पण चित्रपटाचा कणा आहे तो हिल्दा या मुलीच्या गाण्याचा. ती गाते तेव्हा गावकरी हातातले काम विसरतात, सुस्तावतात, आणि गाव आतून पोखरले जाऊ लागते. गाणे इथे शोभेपुरते येत नाही. ते कथानकातली एक शक्ती आहे आणि ती शक्ती खलनायकाच्या कामी येते आहे. जपानी ॲनिमेशनमध्ये गाण्याचा इतका गंभीर विचार त्याआधी झाला नव्हता, असे माझे मत आहे.

सत्तरच्या दशकात प्रवाह फुटले. ‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’ला (1973) मासाहिको सातो यांनी जॅझ आणि सायकेडेलिक रॉकची जोड दिली. त्याहून दूरगामी ठरले ते ‘यामातो’. 1974च्या मालिकेवरून 1977 साली चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी हिरोशी मियागावा यांच्या संगीताची ‘सिंफनिक सूट’ ही तबकडी आली. ॲनिमेशनचे पार्श्वसंगीत चित्राशिवाय, घरी बसून ऐकण्याची सवय जपानी श्रोत्याला लागली ती मोठ्या प्रमाणात या तबकडीमुळे. पुढच्या अनेक वादांचे मूळ या सवयीत आहे.

आधी संगीत की आधी चित्र?

आपल्याकडे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यावर चित्रीकरण करण्याची रीत जुनी आहे. पार्श्वसंगीत मात्र चित्रपट जुळून आल्यावर बसते. जपानी ॲनिमेशनने या क्रमाशी बरेच प्रयोग केले, आणि त्यातला सर्वांत विलक्षण म्हणजे ‘इमेज अल्बम’.

‘नाउसिका’चे (1984) काम सुरू असताना, 1983 सालीच, जो हिसाइशी या फारशा परिचित नसलेल्या संगीतकाराकडून एक तबकडी करून घेण्यात आली. हिसाइशी मूळचे मिनिमलिस्ट संगीताच्या वाटेवरचे. त्यांना तयार चित्रपट दाखवायला नव्हताच. कथा, काही चित्रे आणि हायाओ मियाझाकींच्या मनातले जग एवढ्यावरून त्यांनी संगीत रचले. चित्रपटाच्या संगीतासाठी इतर नावेही चर्चेत होती. पण निर्माता असलेल्या ताकाहातांनी ही तबकडी ऐकून हिसाइशींचा आग्रह धरला. त्यातून सुरू झालेली मियाझाकी-हिसाइशी जोडी 2023च्या ‘द बॉय अँड द हेरॉन’पर्यंत टिकली. ‘नाउसिका’साठीच हारुओमी होसोनोंनी चाल दिलेले आणि नारुमी यासुदाने गायलेले एक गाणेही तयार झाले होते. ते प्रसिद्धीसाठी वापरले गेले, चित्रपटात त्याला जागा मिळाली नाही. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो हिसाइशींच्या चार वर्षांच्या मुलीने गायलेला साधा शोकस्वर.

इमेज अल्बमचा फायदा असा, की दिग्दर्शक पुढची चित्रे काढताना ते संगीत ऐकत असतो. मग सूर चित्रात मुरतो. वरून लावल्यासारखा वाटत नाही. ‘अकिरा’च्या (1988) वेळी कात्सुहिरो ओतोमोंनी गेइनो यामाशिरोगुमी या समूहाला असेच मोकळे रान दिले. ‘युअर नेम’मध्ये (2016) माकोतो शिनकाई यांनी पटकथा रॅडविम्प्स या बँडच्या योजिरो नोदांना पाठवली, गाणी आली, आणि त्या गाण्यांच्या लांबीनुसार दृश्ये बेतली गेली.

यावर आक्षेप असा, की अशाने चित्रपट गाण्यांच्या तालावर चालू लागतो आणि काही भाग म्युझिक व्हिडिओसारखे दिसतात. शिनकाईंच्या चाहत्यांचे उत्तर असे, की किशोरवयातली भावना अशीच धावते आणि तिला गाण्याचाच वेग हवा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ‘युअर नेम’मध्ये शरीरांच्या अदलाबदलीचे आठवडे एका गाण्यात उलगडतात, तिथे ही पद्धत उत्तम चालते. संथ प्रसंगातही गाणे बोल घेऊन उतरते, तिथे चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

मनाच्या जवळचे सूर

पहिली भूमिका सर्वांना परिचित आहे : संगीताने भाव बोलावा. हिसाइशींच्या सुरावटी गुणगुणता येतात, पियानोवर एका बोटाने वाजवता येतात, आणि तरी वाद्यवृंदात त्या पोकळ वाटत नाहीत. ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’साठी (2004) मियाझाकींनी त्यांच्याकडे संपूर्ण चित्रपटभर एकच मुख्य धून मागितली. कारण नायिका सोफी. शापामुळे ती अठराची नव्वदची होते, मग प्रसंगानुसार कधी पन्नाशीची, कधी पुन्हा तरुण. चेहरा बदलत राहिला तरी माणूस तेच आहे हे प्रेक्षकाला कशावरून कळावे? धुनेवरून. तीन मात्रांचा तो वॉल्ट्झ हाऊल सोफीला छपरांवरून हवेत चालवत नेतो तेव्हा उधाणलेला असतो, म्हातारी सोफी घरात एकटी असते तेव्हा थकलेला आणि विरळ. पार्श्वसंगीताने पात्राची ओळख सांभाळण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मात्र याच जोडीचा सर्वांत गाजलेला प्रसंग भाव सांगण्यापेक्षा आवरण्याचा आहे. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (2001) चिहिरो पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीत बसते. रूळ पाण्याखाली, क्षितिजापर्यंत नुसते पाणी, डब्यात सावल्यांसारखे अर्धपारदर्शक प्रवासी. ते एकेक करून उतरत जातात. बाहेर एका फलाटावर एक सावली उभी दिसते आणि मागे पडते. उजेड कलतो. चिहिरो समोर बघत बसली आहे, शेजारी तो मुखवट्याचा जीव. संवाद जवळजवळ नाहीच. पियानो थोडेच सूर वाजवतो आणि दोन सुरांमध्ये मोठी जागा सोडतो. ती घाबरली आहे, दुःखी आहे की धीट झाली आहे, हे संगीत सांगत नाही. बघणारा ते स्वतः भरून काढतो, आणि म्हणूनच बहुधा तो प्रसंग वर्षानुवर्षे सोबत राहतो.

लांब उभे राहणारे संगीत

दुसरी भूमिका ताकाहातांची. ते या क्षेत्रातले सर्वांत विचारी संगीतरसिक. मियाझाकींच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’चे (1989) संगीतदिग्दर्शनही त्यांनी सांभाळले होते. संगीताने पात्राच्या भावनेला दुजोरा देत बसू नये, असा त्यांचा कल होता. प्रेक्षकाला विचार करता येईल एवढे अंतर त्यांना हवे असे.

‘गॉश द चेलिस्ट’मध्ये (1982) बेथोव्हेनची सहावी सिंफनी आणि मामियांची रचना शेजारी शेजारी नांदतात. केंजी मियाझावांच्या मूळ कथेत ‘भारतातील वाघाची शिकार’ अशा नावाच्या एका रचनेचा उल्लेख आहे. कागदावर केवळ नाव असलेले ते संगीत मामियांनी प्रत्यक्षात उतरवले. चेलोवर बोटे कुठे आणि कशी पडतात हे चुकू नये म्हणून ॲनिमेटर तोशित्सुगु साइदा चेलो वाजवायला शिकले.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’चा (1988) शेवटाकडचा प्रसंग या भूमिकेचा मोठा पुरावा. चिमुकली सेत्सुको उपासमारीने गेली आहे. तळ्यापलीकडच्या बंगल्यातल्या मुली युद्ध संपल्यावर परत येतात, खिडक्या उघडतात, ग्रामोफोन लावतात. तबकडी इटालियन सोप्रानो अमेलिता गाल्ली-कुर्ची यांची, गाणे ‘होम, स्वीट होम’. चाल सुखाची, आवाज निर्मळ. आणि त्या सुरांवर आपल्याला दिसते सेत्सुको : एकटी खेळणारी, धावणारी, शिवणकाम करणारी, पाण्यात आपले प्रतिबिंब बघणारी. संगीत तिच्यासाठी वाजतच नाही. ते त्या मुलींच्या आनंदासाठी लावलेले आहे, त्यांना या पोरीचे अस्तित्वही ठाऊक नाही. दुःखाची धून इथे घातली असती तर डोळे पाणावले असते आणि प्रसंग तिथेच संपला असता.

पंचवीस वर्षांनी ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’मध्ये (2013) ताकाहाता याहून पुढे गेले. या चित्रपटासाठी त्यांनी प्रथमच आपल्या दिग्दर्शनाला हिसाइशींचे संगीत घेतले. ‘अकुनिन’ (2010) या चित्रपटातले हिसाइशींचे संयत काम त्यांना भावले होते. शेवटी कागुयाला न्यायला चंद्रावरून मिरवणूक येते. बुद्धप्रतिमेसारखी मुद्रा, ढगांवर बसलेले स्वर्गीय वादक, जुन्या बौद्ध चित्रांत असतात तसे. सैनिकांचे बाण हवेतच फुले होतात, पहारेकरी पेंगतात. पृथ्वीवरच्या म्हाताऱ्या आईबापांचा टाहो ऐकू येतो. आणि वाजते काय, तर तालवाद्ये, बासरी आणि तंतुवाद्यांची हलकीफुलकी, जवळजवळ नाचरी धून. चंद्रावर दुःख नाही, म्हणून तिथल्या संगीतातही नाही. त्या आनंदी ठेक्याने येणारी थंडगार भीती कुठल्याही करुण व्हायोलिनने आली नसती. या एका प्रसंगासाठी मी ताकाहातांच्या बाजूला झुकतो, हे लपवण्याचे कारण नाही.

या भूमिकेवरचा आक्षेपही नोंदवला पाहिजे. अंतर राखणारे संगीत सगळ्याच कथांना पेलत नाही. साहस, प्रेम, मैत्री यांच्या कथेत प्रेक्षक बरोबर धावायला आलेला असतो. त्याला सतत दूर उभे करणे म्हणजे त्याच्या भावनेवर अविश्वास दाखवणे, असे दुसरी बाजू म्हणते.

संगीत म्हणजेच जागा

तिसरी भूमिका भाव आणि अंतर या दोहोंना बगल देते. संगीत म्हणजे त्या कथेतली हवा, तिथली जमीन.

‘अकिरा’ची सुरुवात आवाज न करणाऱ्या स्फोटाने होते. शहरावर पांढरा गोल फुगत जातो आणि सगळे गिळतो. पुढे मोटारसायकलींच्या टोळ्या रात्रीच्या रस्त्यावर उतरतात तेव्हा बालीच्या जेगोग परंपरेतली अवजड बांबूची वाद्ये घुमू लागतात आणि आओमोरीच्या नेबुता उत्सवातली आरोळी समूहाने उठते. भविष्यातल्या शहराला सिंथेसायझर लावण्याचा रिवाज मोडून यामाशिरोगुमीने त्याला जत्रा आणि विधीचा आवाज दिला. शोजी यामाशिरो या नावाने समूह चालवणारे त्सुतोमु ओहाशी हे स्वतः वैज्ञानिक होते.

मामोरू ओशी यांच्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये (1995) केंजी कावाईंना आधी बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगायनाचा बाज हवा होता. मग त्यांनी जपानी लोकगीते गाणाऱ्या गायिकांकडूनच तशा धाटणीचा मेळ गाऊन घेतला. बोल प्राचीन जपानीच्या वळणाचे आहेत. त्यांच्या अर्थाकडे शेवटी येऊ. चित्रपटाच्या मध्यावर काही मिनिटे कथा थांबते. नायिका बोटीतून कालव्यातून जाते, पाऊस पडतो, दुकानाच्या काचेपलीकडे तिच्याच चेहऱ्याची बाई दिसते, आणि संथ ढोलावर तो समूहस्वर फिरत राहतो. काहीच घडत नाही आणि तरी चित्रपटाचा गाभा तिथेच आहे. सातोशी कोन यांच्या ‘पाप्रिका’मध्ये (2006) सुसुमु हिरासावांचे मिरवणुकीचे संगीत असेच आहे, फक्त उलट्या टोकाचे. तिथे सगळे एकाच वेळी वाजते, स्वप्न फुटून रस्त्यावर सांडावे तसे.

अलीकडे या वाटेवर सर्वांत नाजूक काम केन्सुके उशिओ यांनी केले. नाओको यामादांच्या ‘अ सायलेंट व्हॉइस’ची (2016) नायिका कर्णबधिर आहे. उशिओंनी उभ्या पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवले. त्यामुळे सुराबरोबर हातोड्यांची, नमद्याची, लाकडाची कुरकुरही ऐकू येते. ऐकू न येणाऱ्या मुलीला संगीत जसे कंपनातून पोचेल, त्याच्या जवळ नेणारा हा विचार. ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’साठी (2018) त्यांनी शाळेतल्या वस्तू वाजवून ध्वनी गोळा केले. सुरुवातीच्या एका दृश्यात दोन मैत्रिणी शाळेत शिरतात. पुढे झपझप चालणारी नोझोमी, मागे अडखळती मिझोरे. त्यांची पावले कुठे संपतात आणि संगीत कुठे सुरू होते ते वेगळे काढता येत नाही. दोघींच्या चालीतला बेमेळ हीच पुढची सगळी गोष्ट आहे.

मियाझाकींनीही ‘द विंड रायझेस’मध्ये (2013) विमानांच्या इंजिनाचे आणि भूकंपाचे आवाज माणसांच्या तोंडून काढून घेतले. जमीन हादरते तेव्हा खाली कुणीतरी जिवंत गुरगुरते आहे असे वाटते ते यामुळे. मग याला ध्वनी म्हणायचे की संगीत? आणि त्याचे श्रेय कुणाचे? जपानी ॲनिमेशनमध्ये ध्वनिदिग्दर्शक हे पद महत्त्वाचे असते. कोणते संगीत कोणत्या क्षणी सुरू व्हावे आणि कुठे तोडावे, याचे बरेच निर्णय तो घेतो. ‘नाउसिका’ ते ‘टोटोरो’पर्यंत हे काम शिगेहारु शिबा यांनी केले. संगीतकारांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या मानाने या पदावर फारच थोडे लिहिले गेले, ही या विषयातली मोठी उणीव आहे.

गाण्याचा प्रश्न

जपानी चित्रपटात गाणे बहुधा शेवटच्या श्रेयनामावलीवर येते. निर्मिती समितीत ध्वनिमुद्रण कंपनीही भागीदार असते आणि गाजलेल्या गायकाचे नवे गाणे चित्रपटाला जोडले जाते. या ‘टाय-अप’ पद्धतीवर टीका जुनी आहे : कथेशी संबंध नसलेले गाणे शेवटी चिकटवल्याने चित्रपटाचा परिणाम विस्कटतो. समर्थक सांगतात, की गाण्यामुळे चित्रपट पोचतो आणि त्याचा खर्च निघतो. ‘डीमन स्लेयर : मुगेन ट्रेन’च्या (2020) ‘होमुरा’ या गाण्याला त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. युकी काजिउरा आणि लिसा यांचे ते गाणे एका पात्राच्या मृत्यूनंतर येते आणि त्या शोकाशी पूर्ण जुळते.

गाणे चित्रपटासाठी खास केलेले असावे, हा निकष मात्र टिकत नाही. ‘किकी’मधली युमी अराई यांची दोन गाणी 1974 आणि 1975ची. ‘द विंड रायझेस’च्या शेवटी येणारे त्यांचेच गाणे 1973चे. ‘पोर्को रोस्सो’त (1992) तोकिको कातो एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गाणे गातात. ‘5 सेंटिमीटर्स पर सेकंद’चा (2007) शेवट ज्या गाण्यावर उभा आहे ते मासायोशी यामाझाकींचे गाणे दहा वर्षे आधीचे. ‘स्पिरिटेड अवे’चे शेवटचे गाणेसुद्धा युमी किमुरा आणि वाकाको काकु यांनी मियाझाकींच्या एका न झालेल्या चित्रपटासाठी रचले होते. ही उदाहरणे एकत्र ठेवली की दिसते, गाणे कधी जन्मले यापेक्षा ते कुठे ठेवले याला जास्त किंमत आहे.

दुसरीकडे हिल्दाच्या वारशाची गाणी आहेत, कथेच्या पोटात घडणारी. 1984च्या ‘मॅक्रॉस’ चित्रपटात एका गायिकेचे प्रेमगीत अंतराळयुद्धाचा निकाल फिरवते. ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’मध्ये (1995) शाळकरी शिझुकु एका अमेरिकन गाण्याचे जपानी बोल रचते, आपल्या सिमेंटच्या उपनगरावर त्याचे विडंबनही करते. मग तळघरातल्या कार्यशाळेत मुलगा व्हायोलिन वाजवू लागतो, ती बुजत गाऊ लागते, आणि घरी परतलेले म्हातारे वादक आपापली वाद्ये घेऊन त्यात सामील होतात. दोन मुलांमधला संकोच गाता गाता गळून पडताना दिसतो. ‘वन पीस फिल्म रेड’मध्ये (2022) उताचे गाणे ऐकणारे झोपी जातात आणि तिच्या स्वप्नजगात अडकतात. हिल्दानंतर चोपन्न वर्षांनी पुन्हा गाण्याने लोकांना जागेपणातून काढून घेण्याची कथा. उताचे संवाद काओरी नाझुका यांचे, गाणी आदोची. बोलणारी एक आणि गाणारी दुसरी, ही पार्श्वगायनाची रीत आपल्याला सहज वाटते. जपानी ॲनिमेशनमध्ये मात्र बोलणारीनेच गावे, असाही आग्रह असतो. ‘बेल’मध्ये (2021) काहो नाकामुरा दोन्ही करतात, आणि लाजऱ्या मुलीचा आवाज गाण्यात मोकळा होतो तो एकाच गळ्यातून.

यात जपानी काय?

प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर थोडक्यात देता येईल. मेइजी काळात शाळागीतांतून रुळलेली पाच सुरांची एक मांडणी आपल्या भूपाच्या सुरांशी जुळते, आणि शहरी गायनवादनातल्या एका जुन्या मांडणीचे सूर गुणक्रीचेच आहेत. सूर तेच असले तरी चलन अगदी वेगळे. पण या चित्रपटांचे जपानीपण सुरांच्या मोजदादीत सापडत नाही. ताकाहातांनी ‘ओन्ली यस्टरडे’मध्ये (1991) यामागाताच्या शेतांवर हंगेरीचे आणि बल्गेरियाचे लोकसंगीत वाजवले आणि ते तिथलेच वाटले. एक बाजू याला मोकळेपणा म्हणते, दुसरी मुळापासून तुटणे. माझ्या मते ज्या परंपरेत इतक्या दूरचे सूर इतक्या सहज सामावतात ती तुटलेली नाही.

सीमेपलीकडे

परदेशी जाताना संगीत बदलावे का, यावर प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. ‘किकी’च्या 1998च्या इंग्रजी आवृत्तीत डिस्नेने अराईंची गाणी काढून नवी घातली, जादाचे पार्श्वसंगीतही भरले. ‘घोस्ट इन द शेल’च्या इंग्रजी आवृत्तीच्या शेवटी एका बँडचे वेगळेच गाणे आले. ‘कॅसल इन द स्काय’ची (1986) गोष्ट गुंतागुंतीची आहे. दोन तासांच्या मूळ चित्रपटात सुमारे तासाभराचेच संगीत होते. अमेरिकी प्रेक्षकाला इतकी शांतता सोसणार नाही म्हणून डिस्नेसाठी संगीत वाढवले गेले, आणि ते वाढवले स्वतः हिसाइशींनीच. त्यामुळे परकी कंपनी विरुद्ध मूळ कलावंत असा हा सरळ झगडा राहत नाही. नवे संगीत वाद्यवृंदाच्या दृष्टीने अधिक श्रीमंत आहे असे मानणारे आहेत. खाणीतली आणि अवशेषांतली ती शांतता गेल्याची खंत करणारेही आहेत. पुढच्या आवृत्त्यांत मूळ संगीत परत आले.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक लोभस उदाहरण आहे. 1990च्या दशकात दूरदर्शनवर आलेली मोगलीची जपानी मालिका आपल्या पिढीच्या कानात आहे ती गुलजार आणि विशाल भारद्वाज यांच्या शीर्षकगीताने. मूळ जपानी गाणे आपण ऐकलेच नाही आणि त्यामुळे काही हरवल्याचे कुणाला वाटलेही नाही. संगीत बदलू नये म्हणणाऱ्यांना या गाण्याची दखल घ्यावी लागेल. त्याच काळातला, युगो साको आणि राम मोहन यांच्या सहभागाने झालेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपान चित्रपट तर संगीतासाठी थेट मुंबईच्या वनराज भाटियांकडे आला. ‘भूमिका’ आणि ‘तमस’च्या या संगीतकाराचे शिक्षण लंडन-पॅरिसचे आणि कान दोन्ही परंपरांचे. जपानी रेषा, भारतीय कथा आणि भाटियांचा वाद्यमेळ या संगमाचा अभ्यास व्हायला हवा. जानेवारी 2025मध्ये तो भारतात पुन्हा प्रदर्शित झाल्याने निदान ऐकण्याची सोय तरी झाली.

काय उरले आहे

मैफलीचा प्रश्न उघडा आहे. 2008 साली बुदोकानमध्ये हिसाइशींनी प्रचंड वाद्यवृंद आणि समूहगायनासह मियाझाकींसोबतच्या पंचवीस वर्षांचे संगीत वाजवले. 2023 साली डॉइचे ग्रामोफोनने रॉयल फिलहार्मोनिकसोबतचा त्यांचा अल्बम काढला. जगभरच्या सभागृहांत हे संगीत आता सिंफनीच्या शेजारी वाजते. त्याने संगीताला दीर्घायुष्य मिळते, पण मैफलीसाठी सलग बांधताना मधल्या शांत जागा भरल्या जातात. आगगाडीतल्या त्या पियानोला वाद्यवृंदाची साथ मिळाली की तो प्रसंग तोच राहतो का, यावर रसिकांत एकमत नाही.

शब्दांचा प्रश्न त्याहून अवघड. संवादांना उपशीर्षके असतात, गाण्यांना अनेकदा नसतात. ‘घोस्ट इन द शेल’चा तो समूहस्वर बहुतेक परदेशी प्रेक्षक भयसूचक मंत्र म्हणून ऐकतात. प्रत्यक्षात तो जुन्या धाटणीचा विवाहमंगल गीतासारखा पाठ आहे, आणि चित्रपटाच्या शेवटी यंत्रमानवी नायिकेचे मन एका देहहीन बुद्धीशी एकरूप होते ते खरोखर एक प्रकारचे लग्नच आहे. हे कळल्यावर सुरुवातीपासूनचा ढोल वेगळा ऐकू येतो. काही जण म्हणतात, म्हणून बोलांचे भाषांतर पडद्यावर दिलेच पाहिजे. दुसरे सांगतात, की ती प्राचीन भाषा सामान्य जपानी प्रेक्षकालाही चटकन उमगत नाही. कावाईंना आणि ओशींना हवा होता तो अर्थ हाती न लागणारा जुनेपणाच, आणि पडद्यावर ओळ उमटताच तो जाईल.